न्हाणीखालची माती

अंकुश इंगवल्याच्या नव्या न्हाणीघराचं कौतुक भैरवदऱ्यात दोन महिने चाललं होतं. फिकट निळ्या फरश्या, हात पुढे केला की आपोआप वाहणारा नळ, भिंतीत बसवलेला आरसा. आल्यागेल्याला चहाच्या आधी न्हाणीघर दाखवायचं, असा शिरस्ताच त्याच्या बायकोने, छायाने, पाडला होता. त्या न्हाणीघराच्या मधोमध, चपला हातात धरून उभी असलेली पुण्याची पाहुणी म्हणाली, "काका, ही फरशी फोडावी लागेल."

छायाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. "फोडा की," ती म्हणाली. "म्होरं सैपाकघर हाय, त्येबी फोडा. वरवंटा आणून दिऊ का?"

पाहुणीचं नाव डॉक्टर केतकी रणपिसे. औषधं देणारी डॉक्टर नव्हे, मातीची. लढायांत बेपत्ता झालेल्या जवानांचा माग काढणाऱ्या पथकात ती काम करत होती, आणि अंकुशच्या न्हाणीखाली पुरलेली माती तिला हवी होती. ती का हवी होती, हे कळायला आधी तिचं यंत्र समजून घ्यायला हवं.

आपण जिथे बसतो, झोपतो, शिंकतो, तिथे आपल्या शरीराचे बारीक कण सांडत असतात, आणि त्या प्रत्येक कणात आपला डीएनए असतो. माणूस जिथे मरून पडतो, तिथे तर त्याचं सगळंच मातीला मिळतं. बासष्टच्या लढाईत ईशान्येच्या डोंगरांत जे जवान हरवले, त्यांना शोधायला गेलेली पथकं वर्षानुवर्षं हात हलवत परत येत. कारण त्या जंगलातली माती कुजक्या पानांनी आंबट झालेली असते आणि आंबट मातीत हाडंसुद्धा विरघळून जातात. बिल्ले गंजतात, कापड कुजतं, आणि उकरणाऱ्याच्या हाती लागते ती काळी माती. त्या मातीलाच विचारावं, हे लोकांना उशिरा सुचलं.

चिकणमातीच्या कणाला डीएनएचा तुकडा एकदा चिकटला की सहजी सुटत नाही. जंतूंना तो खाता येत नाही, आणि थंडी असेल तर शेकडो वर्षं तसाच राहतो. हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. अडचण पुढची होती. चमचाभर मातीत असे कोट्यवधी तुकडे, त्यात गवताचे, बुरशीचे, अस्वलाचे, आणि माणसाचे म्हणाल तर एका नव्हे, अनेक माणसांचे. दहा पोथ्या फाडून एका पोत्यात भराव्यात आणि मग कुणाला तरी सांगावं, की बाबा, आता एकेक वाचून दाखव, असा तो मामला. केतकीच्या प्रयोगशाळेने केलेलं पिठाच्या डब्याएवढं यंत्र ते काम करत होतं. त्याचं कागदोपत्री नाव होतं मातीवाचक. गावोगावचे लोक त्याला हुंगणं म्हणत.

हुंगणं आलं आणि लोकांच्या डोक्यात नाही नाही त्या कल्पना आल्या. बांधाच्या भांडणात कुणी म्हणू लागलं, माती हुंगून सांगा, आधी घाम कुणाच्या आज्याचा गळला. एका सासूने सुनेच्या खोलीतली माती पुण्याला धाडली म्हणे. शेवटी सरकारने कायदा करून हे यंत्र बेपत्ता माणसांच्या शोधापुरतं राखून ठेवलं, आणि घरातली माती घ्यायची तर घरमालकाची संमती सक्तीची केली. म्हणून तर केतकी चपला हातात धरून उभी होती.

"तुमच्या आत्यांच्या, हौसाबाईंच्या, रक्तावरून आम्हाला ईशान्येकडच्या एका चौकीतल्या खंदकात माग लागलाय," ती म्हणाली. "त्यांचा भाऊ तिथं आहे, एवढं नक्की. पण भाऊ दोन होते. सख्ख्या भावांमध्ये बरंचसं सारखंच असतं, आणि माती सगळी मिसळलेली. तिथं एक आहे की दोघं आहेत, हे नुसत्या बहिणीच्या रक्तावरून सांगता येत नाही. प्रत्येकाचा वेगळा, स्वतःचा नमुना हवा. म्हटलं, शहात्तर वर्षांपूर्वी गेलेल्या पोरांचं काय उरलं असणार? तर आजी म्हणाल्या, त्यांची वार हाय की न्हाणीखाली."

बाळंतपणात मुलापाठोपाठ पडणारी वार गाडग्यात घालायची, वर मीठ-हळद टाकायची, झाकणी लावायची आणि बाळ-बाळंतिणीला जिथे न्हाऊ घालतात त्या शिळेखाली पुरायची. घरात दर जन्माला एक गाडगं. इंगवल्यांची जुनी माजघरं गेली, कौलं गेली, पण अंकुशने नवं घर बांधताना न्हाणी होती तिथेच ठेवली होती. पाण्याची वाट तिकडूनच होती.

 "न्हाय जमायचं," अंकुश म्हणाला आणि आपल्या रोपवाटिकेत उसाच्या रोपांना पाणी द्यायला निघून गेला.

फरशीचं निमित्त होतं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती सगळ्या भैरवदऱ्याला ठाऊक होती.

भैरवदरा फौजींचं गाव. बासष्ट साली इंगवल्यांच्या एका घरातून तिघं एकाच पलटणीत होते. नामदेव, त्याचा धाकटा भाऊ भानुदास, आणि त्यांचा चुलतभाऊ सोपान. परत आला एकटा सोपान. सोपान म्हणजे अंकुशचा बाप. नामदेव-भानुदासची एकुलती बहीण म्हणजे हौसाआत्या, तेव्हा बारा वर्षांची.

सोपानने परत येऊन सांगितलं ते असं. पहाटेचा हल्ला झाला. नामदेव खंदकात मशीनगनवर होता, तो हलला नाही. आणि भानू पळाला. "म्या सोताच्या डोळ्यांनी त्येची पाठ बगितली," सोपान सांगे. "खाली उताराला लागलावता. मानंवरचा काकवीचा डाग बी दिसला मला." लहानपणी गुऱ्हाळावर उकळती काकवी सांडून भानूच्या मानेवर चट्टा पडला होता, तो गावाने पाहिलेला. मग माघारीचा हुकूम आला, सोपान निघाला, उतारावर त्याला गोळी लागली, शुद्ध गेली, आणि जाग आली ती मैदानातल्या लष्करी इस्पितळात. कुणीतरी त्याला उचलून वाटेकाठच्या सपाट खडकावर आणून ठेवलं होतं आणि मागे फिरणाऱ्या तुकडीने गाडीत घातलं होतं. उचलणारा कोण, ते कधी कळलं नाही.

सोपान काही वाईट माणूस नव्हता. हे सांगताना त्याच्या डोळ्यांना पाणी येई. पण गावाने वेशीवर काळ्या दगडाचा स्तंभ उभारला तेव्हा पंचांनी त्याला विचारलं, आणि तो म्हणाला, नामाचं नाव घाला, भानूचं मी कुठल्या तोंडानं सांगू? स्तंभावर नामदेव इंगवले कोरलं गेलं. खालची जागा कोरी राहिली. दर स्मृतिदिनाला सोपान तिथे उभा राहून तीच हकीकत सांगे, मग आपल्याला उचलणाऱ्या त्या अनोळखी जवानाच्या नावाने नारळ फोडे आणि खोबरं पोरांना वाटे. मरेपर्यंत त्याने हा नेम चुकवला नाही.

हौसाआत्याही नेम चुकवत नव्हती. राखीपौर्णिमेला ती स्तंभापाशी जाई. एक राखी नामदेवच्या नावावर आणि दुसरी खालच्या कोऱ्या दगडावर खळीने चिकटवी. भाऊबीजेला ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. हौसाआत्या बारा वर्षांची असल्यापासून चंद्राला ओवाळत आली होती. चुलतभाऊ गावातच होता, पण त्याला तिने कधी ओवाळलं नाही, आणि त्याच्या घराचा उंबराही चढली नाही. लग्न करून शेजारच्या वाडीत गेली, विधवा होऊन परत आली, अठ्ठ्याऐंशीची झाली, तरी नाही.

आता त्या न्हाणीखालची माती बाहेर काढायची आणि बापाच्या शब्दाची झडती घ्यायची, हे अंकुशला सोसवत नव्हतं. बाप जाऊन तेवीस वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, आणि त्याचा पोरगाच साक्षीदाराला घरात घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाआत्या काठी टेकत आली आणि रोपवाटिकेच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. अंकुश ट्रेमध्ये डोळे लावत होता. उसाचे.

"अंकशा," ती कुंपणावरून म्हणाली. "माती म्हणाली का भानू पळाला, तर म्या त्या दगडाच्या पायरीवं उभी ऱ्हाऊन समद्या गावाला सांगीन, सोपाना खरा हुता. माझ्या तोंडानं सांगीन. आजून काय पायजे तुला?"

"आत्या, ऊन लागंल. आत ये."

"तुझ्या घरात न्हाय यायची," असं म्हणून ती वळली आणि आली तशी गेली.

दुपारी जेवताना छाया ताटात भाकरी वाढत म्हणाली, "फरशी म्या बगून घेते. पन एक सांगा. मामंजींचा शब्द खराय ना?"

"म्हंजी काय?"

"मग भ्यायला काय झालं?"

अंकुशने ताट बाजूला सारलं. भीती बापाच्या शब्दाची नव्हती, ती आपल्याच मनातली होती, हे त्याला तिथे ताटावर कळलं. लहानपणापासून ती हकीकत ऐकताना त्याला कुठेतरी काहीतरी टोचत आलं होतं. काय ते कधी उमगलं नव्हतं. उमगू नये म्हणून त्यानेही कधी जोर केला नव्हता. त्याने तोंड धुतलं आणि केतकीला फोन लावला.

छायाने फरश्या एकेक करून अख्ख्या काढायला लावल्या. गवंड्याचा हात जरा जोरात पडला की आतून तिचा आवाज येई. सिमेंट निघालं, खाली जुनी शिळा लागली, आणि शिळा बाजूला सरकवल्यावर ओल्या, गार, जुन्या मातीचा वास घरभर झाला. हौसाआत्या घरात आली नव्हती. ती परसात, न्हाणीच्या खिडकीखाली दगडावर बसली होती आणि तिथून हुकूम सोडत होती.

"डाव्या अंगाला हुडका! सुईण डावीकडनं मांडीत यायची!"

केतकी पालथी पडून हाताने, ब्रशने माती बाजूला करत होती. पहिलं गाडगं दिसलं तेव्हा तिने हात थांबवला. मग दुसरं, तिसरं. काही फुटलेली, काही झाकणीसकट धड. ओळीने, एकमेकांना खेटून, कुठे एकावर एक. आतली माती हळदीने अजून पिवळसर होती.  गवंडीसुद्धा डोक्याचं फडकं काढून उभे राहिले.

केतकीने प्रत्येकातून चिमूटभर माती घेतली. यंत्र बराच वेळ घुं घुं करत राहिलं आणि मग पडद्यावर एकेक रेघ उमटू लागली. हौसाआत्याच्या रक्ताशी ती ताडून बघितली, अंकुशच्या थुंकीशी ताडून बघितली.

"हे आजींचं स्वतःचं," केतकी सांगू लागली. "हे त्यांच्या सख्ख्या भावाचं, सगळ्यात जुनं. म्हणजे नामदेव. हे दुसऱ्या भावाचं. आणि काका, या दोन भावांच्या मधलं हे आहे ना, हे तुमच्या वडिलांचं."

अंकुश खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. नामदेव, सोपान, भानुदास. तिघांची गाडगी एका ओळीत होती, मध्ये बोटभर माती.

"आणि हे वरचं, नव्यातलं?"

"ते तुमचं."

 अठ्ठावन्न वर्षं ज्या जागी तो रोज अंघोळ करत आला, तिथे पायाखाली तो स्वतः पुरलेला होता, बापाच्या आणि बापाच्या भावांच्या शेजारी. बांधावरून, वाटणीवरून, त्या काळ्या दगडावरून ज्या भावकीने एकमेकांची तोंडं बघितली नाहीत, ती सगळी इथे पोटाला पोट लावून बसली होती, आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ती भांडलेली आहेत. त्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. छायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फरश्यांचं नाव त्यानंतर तिने काढलं नाही.

खिडकीबाहेरून आवाज आला. "माजं गाडगं फुटलंय का धड हाय?"

"धड हाय, आत्या."

"आसंलच," हौसाआत्या म्हणाली.

पावसाळा संपल्यावर केतकीचं पथक पुन्हा त्या डोंगरात गेलं. खंदक, वाट, उतार, सगळीकडे दर चार हातांवर चिमूट चिमूट माती घेतली. दिवाळी तोंडावर असताना ती एकटीच गाडीतून उतरली, ती थेट रोपवाटिकेत आली. हौसाआत्याकडे आधी का गेली नाही, हे अंकुशला तिचा चेहरा बघूनच कळलं. तो आणि छाया रिकाम्या पोत्यांवर बसले. केतकीने मांडीवरचा पडदा उघडला. त्यावर एक डोंगरउतार दिसत होता, वर एक खंदक, खाली एक वाट.

"पिवळा नामदेव, तांबडा भानुदास," ती म्हणाली.

खंदकात दोन्ही रंग होते. मशीनगनच्या जागी, अगदी एकमेकांत मिसळून.

"भानुदास पळाले नाहीत, काका. ते दोघं शेवटपर्यंत तिथंच होते. आता त्यांची माती वेगळी करता येत नाही."

अंकुशने मान खाली घातली. इतकी वर्षं त्याला जे टोचत होतं ते अखेर असं बाहेर आलं होतं, तर. त्याचा बाप खोटं बोलला होता. वर्षानुवर्षं, त्या दगडापाशी, डोळ्यांत पाणी आणून.

"अजून आहे," केतकी हलक्या आवाजात म्हणाली. "मला सांगायला जड जातंय. तुमचे वडील म्हणाले होते ना, गोळी उतारावर लागली?" तिने पडद्याला बोट लावलं आणि निळा रंग उमटला. "हे त्यांचं रक्त आहे. पुष्कळ आहे. पण ते खंदकात आहे."

"म्हंजी त्यो बी खोटंच."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण मग हे बघा." खंदकाच्या खाली, उतारावर एका झाडापाशी निळा ठिपका होता. आणखी खाली, दोन खडकांच्या बेचक्यात दुसरा. आणि अगदी तळाशी, वाटेकाठच्या सपाट खडकाच्या कडेच्या मातीत मोठा निळा डाग. "मधे कुठेही काही नाही. फक्त या जागी. इतकं रक्त गेलेला माणूस स्वतः चालत उतरू शकत नाही. त्यांना कुणीतरी उचलून नेलं, आणि दम खायला या दोन जागी टेकवलं. गोळी वर खंदकातच लागली होती. त्यांना ते आठवत नसणार. एवढा मार बसला की मागचं-पुढचं पुसलं जातं, आणि मधली जागा मेंदू आपली आपण भरून टाकतो. खोटं बोलतोय हे त्या माणसाला माहीत नसतं."

अंकुश त्या निळ्या ठिपक्यांकडे बघत राहिला.  मग म्हणाला, "तितं थंडी कितपत आसंल?"

"नोव्हेंबरात? बर्फ पडून गेलेलं होतं."

"मग अंगात कोट आसनार. कॉलर वर केलेली."

"गळपट्टाही असणार. का?"

"धुकं?"

"पहाटे तिथं दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, काका."

"मग मानंवरचा डाग कुणाला दिसंल?"

 छायाने तोंडावर पदर धरला. रोपांवर तुषार सुरू झाले होते, ते कुणी बंद केले नाहीत.

"ज्येचं तोंड त्या मानंला लागलंय त्येला," अंकुश म्हणाला. "पाटीवं आसंल त्येला."

बाप खोटं बोलला नव्हता. त्याने भानूची पाठ खरोखरच पाहिली होती, उताराला लागलेली. डागही पाहिला होता. कारण तो त्या पाठीवर होता. अर्धवट शुद्धीत त्याला एवढंच दिसलं होतं, एक मान, एक चट्टा, आणि खाली खाली जाणारी जमीन. इस्पितळात जाग आल्यावर तेवढ्याच तुकड्यावरून त्याने सगळी लढाई जुळवली, आणि ती चुकीची जुळली. भानूने त्याला खडकावर नेऊन ठेवलं, जिथून गाड्या जात होत्या. त्यालाही त्या गाडीत बसता आलं असतं. तो पुन्हा चढण चढून वर गेला, नामदेवपाशी.

आणि सोपान दरवर्षी त्या दगडापाशी उभा राहून आधी भानूला नावं ठेवत होता, आणि मग आपल्याला उचलणाऱ्याच्या नावाने नारळ फोडत होता. दोन्ही एकाच माणसाला. ते खोबरं अंकुशने लहानपणी मिटक्या मारत खाल्लं होतं. त्या पाठीवरून बाप खाली आला म्हणून तर अंकुश जन्माला आला, त्याचं गाडगं त्या ओळीत बसलं. शहात्तर वर्षं त्या डोंगरातल्या मातीने हे जपून ठेवलं होतं. माणसं विसरली, चुकली, मरून गेली, आणि माती मात्र कुणी विचारेपर्यंत गप्प राहिली. अंकुशने आयुष्यभर हातांनी माती कालवली होती. त्या दिवशी त्याला ट्रेमध्ये हात घालायची हिंमत होईना.

संध्याकाळी तो हौसाआत्याकडे गेला. ती ओट्यावर वाती वळत बसली होती. त्याने तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. दोघं खंदकात एकत्र आहेत, हे ऐकून तिने फक्त मान हलवली. ते तिला ठाऊकच होतं. पुढचं ऐकताना मात्र तिचे हात थांबले.

"भानू? पाटीवं घिऊन गेला? सोपानाला?"

"व्हय, आत्या."

"एवडा उतार?"

"व्हय."

हौसाआत्याने वाती बाजूला ठेवल्या. "सोपाना लई जड हुता रं," ती म्हणाली. "काकवी खाऊन खाऊन. भानू माजा काडीपैलवान." आणि मग पदरात तोंड खुपसून ती अशी रडली की शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांना वाटलं, काही वाईट घडलं. रडं ओसरल्यावर ती अंकुशचा हात धरून म्हणाली, "त्येला कळाया पायजे हुतं. जित्यापनी. बिचारा तसाच गेला की रं."

धनत्रयोदशीला फौजेच्या गाडीतून, तिरंग्यात गुंडाळलेला कलश आला. खंदकातली माती. बंदुकांची सलामी झाली. स्तंभापाशी अंकुशने आपल्या बापाची हकीकत सांगितली. बाप उभा राहायचा त्याच पायरीवर उभा राहून, बापाच्याच शब्दांत सुरुवात केली, आणि जिथे ती चुकली होती तिथून पुढे सरळ केली. म्हातारेकोतारे मान खाली घालून ऐकत होते. पाथरवटाने कोऱ्या जागेवर पहिली टाकी मारली. अंकुशने नारळ फोडला, आणि या वेळी तो कुणाच्या नावाने फोडला हे सांगितलं.

कलश मात्र त्याने कुठे विसर्जन करू दिला नाही. "भाऊबीज हुंदे," असा हौसाआत्याचा निरोप होता.

न्हाणीघर छायाने परसात हलवायचं ठरवलं होतं. निळ्या फरश्या पोत्यात बांधून ठेवल्या होत्या. गाडगी होती तिथे, होती तशी पुन्हा ठेवून वर शिळा बसवली होती, आणि आता ती खोली सारवून रिकामी होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिथे तिने रांगोळी काढली. कुंभाराकडून आणलेली नवी गाडगी कोपऱ्यात मांडून ठेवली. अंकुशने कलशातली माती दोन गाडग्यांत भरली आणि दोन पाटांवर ती मांडली.

हौसाआत्या आली. काठी दाराबाहेर टेकवून ठेवली, उंबऱ्यावर क्षणभर उभी राहिली, आणि उजवा पाय आत टाकला.  छायाने तिच्या हातात ओवाळणीचं ताट दिलं, आणि दरवर्षी ही म्हातारी चंद्राला ओवाळते हे गावाला ठाऊक असल्याने, सवयीने खिडकी उघडायला गेली. पश्चिमेला बीजेची कोर नुकती दिसू लागली होती.

"ऱ्हाऊ दे गं," हौसाआत्या म्हणाली. "आज घरची हायती."

ती रांगोळीसमोर आली. निरांजनाच्या उजेडात तिने दोन पाट पाहिले, दोन गाडगी पाहिली. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि तिने अंकुशकडे वळून बघितलं.

"ह्या मातीत रगत तिगांचं हाय म्हनली ना ती पोरगी?"

"व्हय, आत्या."

"मग पाट दोनच का मांडलंस? सोपानानं उबंच ऱ्हायाचं व्हय?"

 छायाने कोपऱ्यातलं एक गाडगं उचललं आणि कलशापाशी बसून ते भरू लागली, आणि अंकुश तिसरा पाट आणायला आत गेला.